फॉल्समच्या तुरुंगातील टाळ्या

कीर्तन रंगले की नाही, हे बुवांपेक्षा समोर बसलेल्यांवरून कळते. उदगीर परिसरातील कोणत्याही गावी हरिनाम सप्ताहाला बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. टाळकऱ्यांनी चाल उचलली, मागच्या रांगेतून विठ्ठलनामाचा गजर आला, की कीर्तन एकट्या बुवांचे राहत नाही. मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकतानाही आपण हाच श्रोता शोधत असतो. पण ध्वनिमुद्रणातला श्रोता नेहमी खरा असतो का?

या प्रश्नाच्या संदर्भात जॉनी कॅश या गायकाचा 'अ‍ॅट फॉल्सम प्रिझन' हा अल्बम पाहण्यासारखा आहे. कॅश हा अमेरिकेतील 'कंट्री' परंपरेचा, म्हणजे दक्षिणेकडील खेड्यांतून आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून वाढलेल्या गाण्याचा गायक. अर्कान्सासमधील कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या कॅशने लहानपणी स्वतः कापूस वेचला होता. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे गाणे त्याने १९५५ साली ध्वनिमुद्रित केले. तुरुंगवासाची शिक्षा त्याने कधी भोगली नव्हती. तरीही कैद्यांना ते गाणे आपले वाटले.

१३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात त्याने दोन कार्यक्रम केले. त्याच वर्षी निघालेल्या अल्बममध्ये बहुतेक गाणी सकाळच्या कार्यक्रमातील आहेत. कॅशने स्वतःचे नाव सांगेपर्यंत गप्प राहा, अशी सूचना कैद्यांना आधीच दिलेली होती. म्हणजे पहिला जल्लोषही आखलेला होता.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. केवळ मरताना पाहावे म्हणून आपण एका माणसाला मारले, अशी कबुली या गाण्यातील कैदी देतो. त्या ओळीनंतर अल्बममध्ये श्रोत्यांची आरोळी ऐकू येते आणि अंगावर काटा येतो. मात्र ही आरोळी नंतर जोडलेली होती, असे मायकेल स्ट्राइसगुथ यांनी २००४ साली या अल्बमवरील आपल्या पुस्तकात दाखवून दिले. पहारेकऱ्यांच्या धाकामुळे कैदी तुरुंगाविषयीच्या शेऱ्यांना दाद देताना जपून वागत होते. खरा पुरावा त्या सावध शांततेत होता; विक्रीला आली ती उसनी आरोळी. पुढे जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, तेव्हा कंपनीने गाण्यातून ती ओळच कापली. आधी आवाज जोडला, मग शब्द वगळले.

आपल्याकडे तुरुंगातील वाणीचे एक निराळे 'मुद्रण' झाले आहे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून अठरा रविवार धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कॅशचा जन्म त्याच आठवड्यातला, हा केवळ योगायोग. गुरुजींच्या लेखणीने वक्ता जपला. पण समोर बसलेले सत्याग्रही कुठे हसले, कुठे स्तब्ध झाले, हे 'गीता प्रवचने' वाचून फारसे कळत नाही. फॉल्सममध्ये श्रोता आहे, पण भेसळीसह. धुळ्यात भेसळ नाही, पण श्रोताही जवळजवळ नाही.

तरी फॉल्समच्या अल्बममध्ये एका कैद्याचा शब्द टिकला. ग्लेन शर्ली या कैद्याने तुरुंगातील प्रार्थनामंदिरावर रचलेले गाणे कॅशने आदल्या रात्री ऐकून बसवले आणि शर्ली समोर बसलेला असताना गायले. १९७१ साली शर्ली सुटला, कॅशच्या ताफ्यात सामील झाला. पण बाहेरच्या जगात त्याचे बस्तान बसले नाही. १९७८ साली त्याने आत्महत्या केली. टाळ्यांच्या आवाजावरून त्या माणसाचे पुढचे आयुष्य ओळखता आले नसते.

२००८ साली दोन्ही कार्यक्रमांचे विस्तृत ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि तुलना करणे शक्य झाले. आज आमचे विद्यार्थी गावातले कीर्तन, गोंधळ, भीमगीतांचे कार्यक्रम मोबाइलवर टिपतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे असते : तारीख आणि गाव नोंदवा, मूळ प्रत कापू नका, आणि गाणे थांबल्यावर लगेच यंत्र बंद करू नका. लोक कशावर बोलले आणि कशावर गप्प राहिले, तेही उद्याच्या इतिहासकाराला ऐकायचे असेल.