७५ वॅटची गोष्ट: जुन्या ब्रँडेड पीसीत कोणतं ग्राफिक्स कार्ड टाकाल?

संशोधनाला सुरुवात केली की बऱ्याच जणांच्या वाट्याला विभागातला एखादा जुना ब्रँडेड पीसी येतो. प्रोसेसर बरा असतो, रॅम वाढवता येते. मग प्रश्न येतो, यात ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू? दुकानदार आधी बजेट विचारतो. तुम्ही आधी थोडा इतिहास पाहा, कारण कार्डाच्या जवळजवळ प्रत्येक मर्यादेमागे कुणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय असतो.

१९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणलं तेव्हा त्याचं काम होतं खेळातली दृश्यं भराभर रंगवणं. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांवर एकच गणित एकाच वेळी करायचं. मॅट्रिक्सचं गणितही असंच असतं, हे संशोधकांच्या लक्षात आलं. पण कार्डाला फक्त चित्रांची भाषा कळायची. म्हणून ते आपली आकडेमोड चित्राच्या रूपात कार्डाला द्यायचे आणि उत्तरही चित्रातूनच वाचून घ्यायचे! २००४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये इयन बक आणि सहकाऱ्यांनी 'ब्रूक' ही प्रोग्रॅमिंग पद्धत मांडली. पुढे बक एनव्हिडियात गेले आणि २००६-०७ मध्ये 'क्यूडा' आलं. तेव्हापासून खेळाचं कार्ड प्रयोगशाळेचं उपकरण झालं.

२०१२ चं 'अ‍ॅलेक्सनेट' तुम्ही ऐकलं असेल. टोरंटो विद्यापीठातल्या क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन यांनी ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं. दोन कार्डं का? एका कार्डाची मेमरी फक्त ३ जीबी होती, त्यात ते नेटवर्क मावत नव्हतं. म्हणून त्याचे दोन भाग करून ठरावीक थरांतच ते एकमेकांशी बोलतील अशी रचना केली. म्हणजे काय, तर कार्डाची मर्यादा थेट संशोधनाच्या आराखड्यात उतरली. तुमच्याही बाबतीत हेच होणार. म्हणून कार्ड किती वेगवान आहे हे नंतर बघा, आधी मेमरी किती आहे ते बघा.

आता विजेकडे येऊ. पीसीआय एक्सप्रेस या मानकानुसार ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: ६ पिनची ७५ वॅटची किंवा ८ पिनची १५० वॅटची. जीटीएक्स ५८० ला २४४ वॅट लागायचे. ऑफिसकामासाठी बनवलेल्या ब्रँडेड पीसीत एसएमपीएस अनेकदा २४०-३०० वॅटचाच असतो, जादा केबल नसते आणि त्याचा आकार किंवा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला कुठलाही एसएमपीएस आणून बसवला, असं होत नाही.

म्हणून असा पीसी असेल तर केबलशिवाय चालणारी कार्डं बघा: जीटीएक्स ७५० टीआय (२०१४, ६० वॅट), १०५० टीआय (२०१६, ७५ वॅट), १६५० (२०१९, ७५ वॅट), आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल (२०२४, ७० वॅट). यातल्याही काही मॉडेल्सना ६ पिनची जागा असते, तेव्हा फोटो नीट पाहा.

सेकंडहँड ७५० टीआय किंवा १०५० टीआय स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो. पण २०२५ मध्ये आलेल्या क्यूडा १३ ने या दोन्हींच्या पिढ्यांचा पाठिंबा काढून घेतला. जुन्या आवृत्तीवर ती चालतील, पण पीएचडी चार-पाच वर्षांची असते. तेवढ्यात नव्या लायब्ररी त्यांना मागे टाकतील. १६५० अजून टिकून आहे, पण त्यात टेन्सर कोअर नाहीत आणि मेमरी ४ जीबीच. डीप लर्निंग शिकायचं असेल तर या यादीत माझं मत ३०५० ला.

पण थांबा, तुमचं काम डबल प्रिसिजनमधलं असेल तर? खेळाच्या कार्डांत तिचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. ३०५० मध्ये तो सिंगल प्रिसिजनच्या १/६४ आहे. अशा कामाला नवं कार्ड घेण्यापेक्षा प्रोसेसर आणि रॅमवर खर्च केलेला बरा.

खरेदीआधी कॅबिनेट उघडा. एसएमपीएसवरचं लेबल वाचा. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल कार्ड लागेल. पीसी फारच जुना, यूईएफआय नसलेला असेल तर नव्या कार्डावर पडदा काळाच राहू शकतो. त्याच मॉडेलवर ते कार्ड कुणी चालवलंय का, हे शोधा.

आणि मॉडेल ६ जीबीत मावतच नसेल, तर पीसीला हात लावू नका. विद्यापीठाच्या सर्व्हरवर वेळ मागा. पुण्यात सी-डॅककडे 'परम सिद्धी-एआय' सारखी यंत्रणा आहे, गाइडशी बोलून तिथे कसं पोहोचायचं ते विचारा.

कार्ड घेतलंत तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: कार्डाचं मॉडेल, मेमरी, ड्रायव्हर आणि क्यूडाची आवृत्ती. प्रबंधाचं पद्धतीचं प्रकरण लिहिताना ही ओळ लागतेच, आणि तोवर कार्ड कदाचित बदललेलं असतं.