तळहातावर मावलेले बंदर

ऐरणीत बसवलेला सम्राटाच्या मुखाचा ठसा, त्यावर पितळी चकती, चकतीवर हाताने धरलेला दुसरा ठसा आणि वरून घणाचा घाव. रोमच्या टांकसाळीत सेस्टर्शियस हे नाणे असे पडत असे. वजन साधारण २५ ग्रॅम, रुंदी तीन-साडेतीन सेंटिमीटर. चार सेस्टर्शियसचा चांदीचा एक देनारियस होई. आपल्याकडच्या शिलालेखांतला ‘दीनार’ शब्द या देनारियसवरूनच आला.

सम्राट ट्राजनच्या (इ.स. ९८ ते ११७) एका सेस्टर्शियसवर अख्खे बंदर कोरले आहे. सहा बाजूंची गोदी, काठाने वखारी आणि मधल्या पाण्यात जहाजे.

या गोदीवाचून रोमला गत्यंतर नव्हते. शहराचे पोट इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या धान्यावर भरत असे. टायबर नदीच्या मुखाजवळ ट्राजनआधीच्या सम्राट क्लॉडियसने बंदर बांधले, त्याच्यामागून आलेल्या नीरोने ते नाण्यावर आणले. पण तिथे वाऱ्यापासून पुरता आडोसा नव्हता. इ.स. ६२च्या वादळात सुमारे २०० जहाजे बंदरातच नष्ट झाली. ट्राजनने मग आतल्या बाजूला जमीन खोदून नवी गोदी करवली. तिची एकेक बाजू साडेतीनशे मीटरहून लांब होती.

गोदीप्रमाणे ट्राजनची इतर कामेही नाण्यांवर आली. इ.स. १०९ मध्ये त्याने टायबरपलीकडच्या वस्तीला नळाचे पाणी दिले. त्या निमित्ताने पाडलेल्या नाण्यावर कमानीखाली जलदेव रेलून बसला आहे. त्याच्या कोपराखालच्या घड्यातून पाणी वाहते. दक्षिण इटलीत बेनेव्हेंतुम ते ब्रुंदिसियुम हा नवा रस्ता झाला, तेव्हा टांकसाळीने मांडीवर चाक घेतलेली स्त्री कोरली आणि खाली लिहिले, ‘व्हिया ट्रायाना’, म्हणजे ट्राजनचा रस्ता. वर्तमानपत्र नसलेल्या काळात ही बातमी सैनिकाच्या पगारातून आणि बाजारातल्या मोडीतून साम्राज्यभर फिरली.

आज या नाण्यांचे मोल वेगळेच आहे. रोममधल्या ट्राजनच्या चौकातली बॅसिलिका उल्पिया ही सभागृहाची इमारत कोसळून शतके लोटली. शिल्लक आहेत ते मोडके खांब. तिचा दर्शनी भाग कसा होता, छपरावर रथाचे शिल्प कुठे होते, हे ठरवताना अभ्यासकांना नाण्यांवरच्या तिच्या इवल्याशा चित्रांचा मोठा आधार मिळाला.

बंदर गाळाने भरले, समुद्र मागे हटला. मात्र रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाशेजारी एक तळे अजून आहे. ते वरून पाहावे आणि नाण्याशी ताडून बघावे: सहाच्या सहा बाजू जुळतात.