क्रिप्टो वॉलेट घेताना: चावी कोणाच्या हातात आहे?

मागच्या रमजान ईदनंतर आमचा एक माजी विद्यार्थी घरी भेटायला आला होता. आखातात नोकरी, पगार बरा, मुलगा हुशार. शीरखुर्म्याची वाटी समोर होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. दोन वर्षांत थोडं थोडं करून त्याने इथर नावाचं क्रिप्टो चलन घेतलं होतं आणि ते मोबाईलमधल्या एका वॉलेट अॅपमध्ये ठेवलं होतं. मोबाईल पाण्यात पडला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. अॅप उघडताना मिळालेले बारा शब्द त्याने कागदावर लिहिले नव्हते. त्यांचा स्क्रीनशॉट काढला होता, आणि तो त्याच मोबाईलमध्ये होता. "सर, कंपनीला मेल केला. ते म्हणतात, तुमचं आमच्याकडे काहीच नाही." कंपनी खरंच बोलत होती.

क्रिप्टो घ्यावं की नाही, हे या लेखात आम्ही सांगणार नाही. ते जायज आहे का, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. तो मसला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पण ज्यांच्या घरात कुणीतरी हे आधीच घेऊन बसलं आहे, त्यांना निदान वॉलेट म्हणजे काय ते कळायला हवं. प्रत्येक नेटवर्कच्या रीती वेगळ्या असतात, म्हणून आम्ही एकच धरून चालतो: इथेरियम. हे नेटवर्क जुलै २०१५ मध्ये सुरू झालं, आणि इथर हे त्याचं स्वतःचं चलन.

सगळ्यात मोठा गैरसमज 'वॉलेट' या शब्दातूनच येतो. खिशातल्या पाकिटात नोटा असतात, या वॉलेटमध्ये काहीच नसतं. कुणाकडे किती इथर आहे याची खतावणी जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. आपलं इथर म्हणजे त्या खतावणीतली एक नोंद. ती नोंद दुसऱ्याच्या नावे करायची तर सही लागते, आणि ती सही करणारी चावी वॉलेटमध्ये असते. चावी म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, जवळपास ७८ आकडी. तिच्यापासून गणिताने आपला पत्ता तयार होतो: सुरुवातीला शून्य आणि एक्स, मग ४० अंक-अक्षरं. पत्ता खुशाल कुणालाही द्या, तो बँकेच्या खाते क्रमांकासारखा आहे. पत्त्यावरून चावी काढता येत नाही, चावीवरून पत्ता मात्र केव्हाही निघतो.

एवढी मोठी संख्या माणूस लिहून घेताना चुकणारच, म्हणून ती शब्दांत बांधण्याची पद्धत आली. २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातून बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. यादी अशी केली आहे की पहिली चार अक्षरं वाचली तरी शब्द नक्की ओळखू यावा. अक्षर खराब असणाऱ्यांची सोय! शब्दांचा क्रम मात्र बदलून चालत नाही. हे शब्द असले तर मोबाईल गेला, अॅप गेलं, कंपनी बंद पडली तरी दुसऱ्या वॉलेटमध्ये तेच टाकून सगळं परत मिळतं. आणि हेच शब्द दुसऱ्याने पाहिले तर त्याला आपला मोबाईल, पासवर्ड, ओटीपी कशाचीच गरज उरत नाही.

आता निवडीकडे येऊ. दुकानात प्रकार पुष्कळ दिसतात, पण आधी एकच प्रश्न विचारावा: चावी कोणाकडे?

पहिल्या प्रकारात चावी एक्सचेंजकडे असते. बहुतेक लोक क्रिप्टो एक्सचेंजच्या अॅपवर विकत घेतात आणि तिथेच ठेवतात. हे सोपं असतं, पासवर्ड विसरला तर केवायसी दाखवून परत मिळतो. पण ती अमानत आहे, आणि अमानत ठेवणाऱ्यावर सगळा भरवसा. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. ते वॉलेट साधंसुधं नव्हतं, व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागत होत्या. कंपनीच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्यावरच होत होती. ज्यांचा या चोरीशी काडीचा संबंध नव्हता, ते ग्राहकही वर्षाहून जास्त काळ आपलं क्रिप्टो बाहेर काढू शकले नाहीत. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातल्या मोठ्या एक्सचेंजपैकी एक दिवाळखोरीत गेलं होतं. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत ठेवीचा विमा असतो; इथे तसा काही विमा नाही.

दुसऱ्या प्रकारात चावी आपल्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात असते. २०१६ मध्ये आलेलं मेटामास्क हे इथेरियमवरचं सर्वात परिचित नाव, ट्रस्ट वॉलेटही बरेच जण वापरतात. अॅप फुकट असतं, पाच मिनिटांत सुरू होतं. पण ज्या मोबाईलवर मुलं गेम डाउनलोड करतात, मामू अनोळखी लिंक उघडतात, त्याच मोबाईलमध्ये चावी बसलेली असते. रोजच्या वापराची छोटी रक्कम असेल तर हरकत नाही. घरातल्या कपाटात ठेवताना पोटात गोळा येईल एवढी रक्कम असेल, तर इथे ठेवू नये, असं आमचं मत.

तिसरा प्रकार म्हणजे हार्डवेअर वॉलेट. पेन ड्राइव्हएवढं उपकरण, चावी त्याच्या आत तयार होते आणि बाहेर पडत नाही. व्यवहार संगणकावर मांडायचा, उपकरणाच्या छोट्या पडद्यावर रक्कम आणि पत्ता वाचायचा, मग बटण दाबायचं. फ्रान्सची लेजर आणि चेक प्रजासत्ताकातली ट्रेझर ही यातली जुनी नावं. उपकरण कंपनीकडूनच घ्यावं. वापरलेलं किंवा कुणा ओळखीच्याने 'सेट करून' दिलेलं अजिबात नको. डब्यात बारा किंवा चोवीस शब्द आधीच छापून आले, तर ते शब्द ठगाकडेही आहेत असं समजावं. आणखी एक गोष्ट: २०२० मध्ये लेजरच्या लाखो ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर फुटले होते. चाव्या सुरक्षित राहिल्या, पण त्या ग्राहकांना नंतर कंपनीच्या नावाने खोटे मेल येत राहिले, काहींना तर टपालाने बनावट उपकरणंही आली. खरी कंपनी आपले शब्द कधीच मागत नाही. टेलिग्रामवर गोड बोलून मदत करणारा मागतो.

नेटवर्कचं प्रकरण जरा नीट वाचा, कारण पैसे चुकतात ते बहुधा इथे. इथेरियमसारखीच रचना असलेली पॉलिगॉन, आर्बिट्रम, बीएनबी चेन अशी दुसरी नेटवर्क आहेत. पॉलिगॉन तर भारतीय तरुणांनी सुरू केलेलं. या सगळ्यांवर आपला पत्ता एकच असतो, पण खतावण्या वेगळ्या. एक्सचेंजवरून आपल्या वॉलेटला पैसे पाठवताना इथेरियमऐवजी पॉलिगॉन निवडलं गेलं आणि अॅपमध्ये शून्य दिसलं, तर घाबरू नका. चावी तीच आहे, वॉलेटमध्ये नेटवर्क बदला, दिसेल. उलट दिशेची चूक मात्र महाग पडते. एक्सचेंज जे नेटवर्क स्वीकारतच नाही त्यावरून तिथे पाठवलं, तर चावी त्यांच्याकडे असल्यामुळे आपण त्यांच्या मर्जीवर. ट्रॉन आणि बिटकॉइनचे पत्ते वेगळ्याच धाटणीचे असतात. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो.

शिवाय इथेरियमवर काहीही हलवायचं तर शुल्क लागतं, त्याला गॅस म्हणतात, आणि ते इथरमध्येच द्यावं लागतं. वॉलेटमध्ये हजार डॉलरचं यूएसडीटी आहे आणि इथर शून्य, तर ते यूएसडीटी जागचं हलत नाही. साधं इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. त्या वेळी भाव २० ग्वेई असेल, तर ४,२०,००० ग्वेई झाले. एका इथरचे शंभर कोटी ग्वेई, म्हणजे शुल्क ०.०००४२ इथर. गर्दी वाढली की भाव वाढतो, रिक्षासारखं.

पत्ता कधीही हाताने टाइप करू नये. कॉपी केल्यावरही पूर्ण ताडून पाहावा. ठग मुद्दाम असे पत्ते तयार करतात की सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं आपल्या ओळखीच्या पत्त्यासारखी दिसतात, मग तिथून शून्य रकमेचा व्यवहार पाठवून आपल्या यादीत घुसतात. घाईत आपण जुन्या यादीतून तोच पत्ता उचलतो. आणि एखादी वेबसाइट 'परवानगी द्या' म्हणते तेव्हा ती अनेकदा आपलं टोकन हवं तेवढं काढून घेण्याची परवानगी मागत असते. रक्कम वाचल्याशिवाय सही करू नये.

करही विसरू नका. एप्रिल २०२२ पासून भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कधी, कितीला घेतलं, कुठून कुठे हलवलं, याची वही ठेवावी.

आता घरातली गोष्ट. कमावणारा अचानक गेला, तर बँकेतले पैसे वारसांना कागदपत्रं दाखवून मिळतात. या वॉलेटचं तसं नाही. वारसदारांचे हिस्से शरियतने ठरलेले असतील, कोर्टाने मान्य केलेले असतील, तरी शब्द कुणालाच माहीत नसतील तर वाटायला काही हातात येत नाही. बीवीला किंवा मोठ्या मुलाला एवढं तरी माहीत असावं की असं काही आहे आणि कागद कुठे आहे. शब्द कागदावर शाईने, दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एक घरी, एक भावाकडे किंवा लॉकरमध्ये, बंद पाकिटात. व्हॉट्सअॅपवर, मेलमध्ये, गुगल फोटोमध्ये कुठेच नाही. भावावरही एकट्यावर सोडायचं नसेल, तर तीनपैकी दोन चाव्या लागतील असं वॉलेट इथेरियमवर करता येतं. सेफ नावाची सोय त्यासाठीच आहे. फक्त ते सुरू करायलाही गॅस लागतो आणि ते समजून घ्यायला एक संध्याकाळ जाते.

त्या विद्यार्थ्याने आता पुन्हा सुरुवात केली आहे. आम्ही त्याला सांगितलं ते असं: नवीन वॉलेट उघड, शब्द कागदावर लिही, मग दोनशे रुपयांचंच इथर त्यात पाठव. ते आलं की अॅप मोबाईलमधून काढून टाक, पुन्हा घे, आणि कागद बघून शब्द भर. तोच पत्ता आणि तीच रक्कम दिसली तर कागद बरोबर आहे. त्यानंतरच मोठी रक्कम. पहिल्या खेपेला त्याचा नववा शब्द चुकीचा लिहिलेला निघाला.