पाण्यातला वाफसा

झाकणाची एक बादली, झाकणाला भोक, भोकात अडकवलेला जाळीचा कप, कपात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यात लेट्यूसचं रोप. पंप नाही, वीज नाही, नळ्या नाहीत. लावणीच्या दिवशी बादलीत पाणी भरायचं, त्यात खतं विरघळवायची आणि काढणीपर्यंत तिला जवळजवळ हात लावायचा नाही. घरात मातीविना भाजी करून बघणारे पुष्कळजण आज सुरुवात याच बादलीपासून करतात. ती इतकी साधी दिसते की तिच्यामागे साडेतीनशे वर्षांहून जुनी खटपट आहे हे खरं वाटत नाही. त्या खटपटीतला बराच काळ ‘झाड खातं काय’ या एकाच प्रश्नात गेला. मुळं श्वास कशी घेतात हा प्रश्न मागे पडला होता, आणि ही बादली त्या मागे पडलेल्या प्रश्नातून जन्माला आली आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो प्रश्न चांगला ओळखीचा आहे. पाऊस उघडला म्हणून तो लगेच पाभर धरत नाही, वाफसा येऊ देतो. मूठभर माती दाबून बघतो. तिचा चिखल झाला नाही आणि बोटाने टोकरल्यावर ती मोकळी झाली, तर रान तयार. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही हवं आणि हवाही. काळ्या रानात पाणी साचून राहिलं की तूर पिवळी पडते, माना टाकते. पायाशी पाणीच पाणी असताना झाड कोमेजतं, कारण मुळं गुदमरलेली असतात आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. भात मात्र तुडुंब खाचरात मजेत उभं असतं, कारण त्याच्या खोडामुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून खाली पोचते. टोमॅटो, पालक, लेट्यूस यांना ती सोय नाही. त्यांना पाण्यात वाढवायचं तर पाण्यातही वाफसा आणावा लागतो.

या शेतीचा इतिहास सांगताना बाबिलोनच्या झुलत्या बागांपासून सुरुवात करायची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. त्या बागा होत्या की नाही यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, आणि जी जुनी वर्णनं आहेत त्यांत माती आहे. मेक्सिकोतल्या आझ्टेकांचे चिनांपा म्हणजे उथळ तळ्यात गाळ आणि काडीकचरा रचून केलेले वाफे. काश्मीरच्या दल सरोवरातल्या तरंगत्या भाजीमळ्यांतही पाणवनस्पतींच्या थरावर चिखल असतो. ही सगळी थोर शेती आहे, पण आपल्या बादलीचं कूळ वेगळं आहे. ते युरोपातल्या प्रयोगशाळांत सुरू होतं.

ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्याने 200 पौंड माती भट्टीत वाळवली, कुंडीत भरली आणि तीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं 169 पौंडांच्या वर, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती. झाड नुसत्या पाण्याचं बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापलं गेलं. निष्कर्ष चुकला होता, कारण हवेतून येणारा कार्बन त्याच्या हिशेबातच नव्हता. पण झाडाला तराजूत घालून प्रश्न विचारायची रीत त्याच्यामुळे पडली, आणि ते दोन औंस पुढच्यांना छळत राहिले.

इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने तोच प्रश्न पुदिन्याला विचारला. एकसारख्या काचेच्या कुप्या घेऊन त्याने कुणात पावसाचं, कुणात झऱ्याचं, कुणात थेम्स नदीचं पाणी भरलं. प्रत्येक कुपीच्या तोंडावर चर्मपत्र ताणून बांधलं आणि त्याला देठ जाईल एवढंच भोक ठेवलं. आजच्या बादलीचं झाकण ते हेच. ज्या पाण्यात बागेतली माती कालवली होती त्यातला पुदिना सगळ्यांत जोमाने वाढला, पावसाच्या पाण्यातला खुरटला. पाण्यातून जे विरघळलेलं येतं त्यावर झाड वाढतं, हे 1699 मध्ये छापून आलं. आपल्या स्वयंपाकघरात पुदिन्याची काडी पेल्यात उभी केली की आठवड्याभरात पांढरी मुळं फुटतात आणि पुढे तिची वाढ मंदावते. कारण तेच, खायला काही नाही.

ते खाणं नेमकं कोणतं, हे ठरायला आणखी दीडशे वर्षं गेली. 1860 च्या आसपास जर्मनीत युलियुस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी स्वच्छ पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यावर झाडं वाढवली. क्नोपच्या द्रावणाची पाठ्यपुस्तकांत येणारी कृती अशी: 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी पाव ग्रॅम, आणि लोहाचा अंश.

ही यादी नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारापुढे ठेवा. तो म्हणेल, हे तर माझ्या ठिबकच्या टाकीतलं आहे. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे त्याचं 13:0:45, पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे 0:52:34. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट तर त्याच नावांनी मिळतात. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर क्नोपचं सगळं द्रावण पिशव्यांत बांधून ठेवलेलं आहे. कॅल्शियम नायट्रेट इतर खतांबरोबर घट्ट कालवायचं नाही, नाहीतर गाळ बसतो, हेही बागायतदाराला ठाऊक असतं. बादलीलाही तोच नियम: आधी पाणी पूर्ण भरायचं, मग एकेक क्षार वेगळा विरघळवून ओतायचा, कॅल्शियम सगळ्यांत शेवटी. घरात करणारे पुष्कळदा 19:19:19 वर भागवायला बघतात. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाचा असतो, आणि युरिया फोडून देणारे मातीतले जिवाणू बादलीत फारसे नसतात. म्हणून कुंडीत चालणारं ते खत इथे निराश करतं.

लोहाने मात्र क्नोपनंतरही बरीच वर्षं त्रास दिला. पाण्यात घातलेलं लोह तळाशी बसायचं आणि कोवळी पानं पिवळी पडायची, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावं लागायचं. कॅलिफोर्नियातल्या लुई जेकबसनने 1951 मध्ये ईडीटीए या रसायनाला बांधलेलं लोह एकदाच घालून काम भागतं हे दाखवलं. आपण ज्याला चिलेटेड लोह म्हणतो ते हेच. एकदा भरून ठेवलेली बादली महिनाभर चालते, त्यात या शोधाचा वाटा मोठा आहे.

खाण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला. श्वासाचा मात्र 1804 पासून पडून होता. त्या साली जिनिव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी रोपांची मुळं वेगवेगळ्या वायूंत ठेवून दाखवलं, की मुळांनाही ऑक्सिजन लागतो. ज्यांच्या मुळांना तो मिळाला नाही ती रोपं मेली. प्रयोगशाळेत छोट्या बरण्या होत्या, रोपं थोडी होती, द्रावण सारखं बदललं जायचं. म्हणून ही अडचण फारशी जाणवली नाही. पीक घ्यायचं ठरवल्यावर ती पुढे आली.

पीक घ्यायचं ठरवलं बर्कलीच्या विल्यम गेरिक यांनी. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी 1929 मध्ये हा विचार छापून मांडला आणि आपल्या घराच्या परसात द्रावणाच्या टाक्यांवर 25 फूट वाढणारे टोमॅटोचे वेल उभे केले. 1937 मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव त्यांनीच छापून आणलं. सुचवलं होतं त्यांचे सहकारी सेचेल यांनी. पण नावापेक्षा त्यांची टाकी मला जास्त महत्त्वाची वाटते. उथळ टाकीवर तारेची जाळी, जाळीवर भुसा-गवताचा थर, थरात रोपं, आणि जाळी व द्रावण यांच्यामध्ये राखलेली मोकळी जागा. मुळांचा वरचा भाग त्या दमट हवेत, खालचा द्रावणात. वाफसा पाण्यात आणायची ही मला दिसलेली पहिली धडधडीत तजवीज.

वर्तमानपत्रांनी मात्र वेलांची उंची उचलून धरली, जागा कुणी पाहिली नाही. माती संपली, आता सगळं पाण्यावर, अशी हवा झाली. मग त्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी 1938 मध्ये एक पुस्तिका काढून सरळ सांगितलं, की चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यातलं पीक जास्त येतं असं नाही. द्रावणात हवा खेळवायला हवी, हेही त्यांनी त्यात बजावलं. त्यांच्या नावाचं द्रावण आजही प्रयोगशाळांत रोज बनतं. मला या पुस्तिकेचा आदर वाटतो. जिथे चांगली जमीन आहे तिथे तीच वापरावी, हे हायड्रोपोनिक्सच्या जाणकारांनीच तेव्हा सांगून ठेवलं होतं.

जिथे जमीनच नव्हती तिथे ही पद्धत लगेच उपयोगी पडली. प्रशांत महासागरातल्या वेक या प्रवाळबेटावर पॅन अमेरिकनची विमानं थांबत. तिथे 1938 मध्ये प्रवाशांसाठी भाजी पाण्यावर पिकवली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने असेन्शन बेटावर आणि युद्ध संपल्यावर जपानात चोफू इथे 22 हेक्टरांवर हेच केलं. सैन्याच्या वाफ्यांत खडी भरलेली असे. पंपाने द्रावण वर चढवायचं आणि सोडून द्यायचं. ते उतरताना खडीत ताजी हवा खेचली जायची.

पंप, तेल, सिमेंट यांवाचून हे जमेल का, याचं उत्तर आपल्या देशात शोधलं गेलं. 1946 मध्ये दार्जिलिंगजवळ कलिंपोंगला बंगाल सरकारच्या प्रयोगशेतीवर जे. शोल्टो डग्लस यांनी काम सुरू केलं. खडीचा चुरा आणि वाळू भरलेले वाफे, तळाला निचऱ्याची भोकं, वरून कोरडं खत भुरभुरायचं आणि पाणी शिंपडायचं. जास्तीचं पाणी भोकांतून जातं, त्याच्या जागी हवा येते. बाजारात मिळणारी साधी खतं आणि कुणालाही जमेल असं काम. ‘बंगाल पद्धत’ या नावाने त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. गरिबाच्या गच्चीवर ही शेती नेण्याचा इतका मनापासून विचार करणारा त्या काळात मला दुसरा दिसत नाही, आणि भारतातच त्याची आठवण इतकी कमी आहे याचं वाईट वाटतं.

1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या ॲलन कूपर यांनी उलट्या बाजूने तोच मुद्दा गाठला. उतरत्या पन्हळीतून द्रावणाचा पातळसा ओहोळ वाहता ठेवायचा, म्हणजे मुळांच्या गादीचा वरचा भाग उघडा राहतो. पांढऱ्या चौकोनी पाइपांत लावलेली जी लेट्यूस आपण फोटोंत बघतो, ती या घराण्यातली. पद्धत उत्तम, पण वीज गेली की काही तासांत रोपं धोक्यात. भारनियमन अनुभवलेल्या घराला हे समजावून सांगायला नको.

पंप काढून टाकण्याचं काम पुढे तैवानात आणि हवाईत झालं. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला संशोधन केंद्रात हिदेओ इमाई यांनी 1980 च्या दशकात न वाहणाऱ्या द्रावणाची पद्धत बसवली, आणि हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅट्की यांनी त्यांच्याबरोबर 1988 मध्ये टोमॅटोवरची निरीक्षणं छापली. क्रॅट्की पुढे अनेक वर्षं ती सोपी करत गेले, ती थेट एका बरणीत एक लेट्यूस इथपर्यंत. एका गड्ड्याला साधारण 4 लिटर पाणी.

झाकण उचलून मुळं बघितली की सगळं उलगडतं. लावताना द्रावण कपाच्या बुडाला टेकलेलं असतं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, आणि उघड्या पडलेल्या मुळांना आडवे, आखूड, लवदार फाटे फुटतात. ही हवेतली मुळं. खाली पाण्यात गेलेली मुळं लांब, गुळगुळीत, कमी फाट्यांची. एकाच रोपावर दोन तऱ्हांची मुळं, मध्ये बोटभर सीमारेषा. 25 अंशांच्या 1 लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 1 लिटर हवेत तो 270 च्या आसपास असतो. शिवाय पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणून ती मोकळी जागा लागते. आणि म्हणूनच, पातळी उतरली की बादली पुन्हा काठोकाठ भरायचा जो मोह होतो, तो जीवघेणा ठरतो. हवेत वाढलेली मुळं बुडतात आणि दोन-चार दिवसांत रोप मान टाकतं. भर घालायचीच तर थोडी, हवेतल्या मुळांच्या खालीच.

आपल्याकडे तीन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. बादली गडद रंगाची हवी, उजेड शिरला की पाणी शेवाळतं. कपाभोवतीची फट बंद हवी, नाहीतर साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. बोअरचं जड पाणी टाळून पावसाचं किंवा गाळलेलं वापरावं; जड पाण्याने सामू चढतो. तो साडेपाच ते साडेसहा असावा, त्याच्या वर गेला की लोह असूनही पानं पिवळी पडतात. दिवसातून चार-पाच तास ऊन येणारी खिडकी नसेल तर बारा-चौदा तास एलईडीचा उजेड द्यावा.

हवाईचं हवामान सौम्य आहे. विदर्भ-मराठवाड्याचा एप्रिल तसा नाही. पाणी 35 अंशांवर गेलं की त्यातला ऑक्सिजन 7 मिलिग्रॅमांपर्यंत उतरतो, मुळांची गरज मात्र वाढते, आणि कुज तेव्हाच लागते. लेट्यूस आणि पालक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्यावेत. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पुदिना लावावा, बादली उत्तरेच्या खिडकीत सरकवावी आणि तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं. काढणीनंतर उरलेलं द्रावण मोरीत न ओतता दुप्पट पाणी घालून कुंड्यांना द्यावं, आणि बादली घासून, उन्हात वाळवून पुढच्या रोपाला घ्यावी.