टर्नटेबल : चालन व गतिनियंत्रण

ध्वनिमुद्रिका ठरावीक गतीने फिरवणारे यंत्र. लाँग प्ले मुद्रिकेची गती मिनिटाला ३३⅓ फेरे असते आणि ती ढळली, की लयीबरोबर स्वरही चढतो किंवा उतरतो. गतीत सुमारे ६ टक्के फरक पडला, तर सूर एका श्रुतीने नव्हे, हार्मोनियमच्या पूर्ण एका पट्टीने सरकतो. गतीच्या संथ डळमळीस वॉव, तर जलद थरथरीस फ्लटर म्हणतात. लांबवलेल्या षड्जात हे दोष चटकन उघडे पडतात.

चावीच्या ग्रामोफोनमध्ये स्प्रिंगचा जोर ओसरत गेला, तरी केंद्रोत्सारी गव्हर्नर गती सांभाळी. विजेच्या यंत्रांत सिंक्रोनस मोटर आली, तशी गतीची सूत्रे पुरवठ्याच्या वारंवारतेकडे गेली. २४ ध्रुवांची अशी मोटर ५० हर्ट्‌झवर मिनिटाला २५० फेरे घेते आणि पुली व रबरी पट्टा ते ३३⅓ वर आणतात. विजेचा दाब थोडा कमी झाल्याने तिची गती बदलत नाही, वारंवारता घसरल्यास मात्र ती त्याच प्रमाणात मंदावते.

बुलडाणा जिल्ह्याला वीज पुरवणाऱ्या पश्चिम विभागीय ग्रिडमध्ये जुलै २००२ मध्ये उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू होण्यापूर्वी, मागणी वाढली की वारंवारता ५० हर्ट्‌झच्या बरीच खाली जात असे. ४८.५ हर्ट्‌झवर खामगाव किंवा चिखलीतील अशा यंत्रावरची तबकडी मिनिटाला सुमारे ३२⅓ फेरेच घेणार आणि गायकाचा सूर हार्मोनियमच्या अर्ध्या पट्टीने उतरणार. गती तपासण्यासाठी थाळीच्या काठावर असलेल्या खुणा उजळणारा निऑन दिवाही त्याच विजेवर लुकलुकत असल्याने खुणा स्थिरच दिसतात. म्हणजे चूक आणि तिचा साक्षीदार एकाच बाजूला! ग्रिड आता पुष्कळ स्थिर आहे, पण वीज गेल्यावर लागणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी तरंगाची वीज मोटरला गुणगुणायला लावते.

यावर उपाय म्हणजे मोटरची गती घरच्या विजेच्या वारंवारतेपासून तोडणे. लिन कंपनीच्या ‘वल्हाला’ या परिपथात स्फटिक-दोलक स्वतंत्र ५० हर्ट्‌झची निर्मिती करतो. टेक्निक्स कंपनीच्या १९७० च्या एसपी-१० या टर्नटेबलमध्ये पट्टाच नव्हता, थाळी थेट मोटरच्या दांड्यावर बसे. पुढच्या आवृत्तीत क्वार्ट्‌झच्या संकेताशी गती सतत ताडून फरक तत्काळ दुरुस्त होऊ लागला. पट्टा मोटरची बरीच कंपने सुईपर्यंत पोहोचू देत नाही, हा त्याचा गुण खराच. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात रबर लवकर ताठरते व तडकते, म्हणून तेथे पट्ट्याच्या यंत्राबरोबर जादा पट्टा घेणे इष्ट ठरते.