राबिया-उद-दौरानी यांचे माहेर



बीबी का मकबरा पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या शहरात विरळाच. परंतु तेथे चिरविश्रांती घेणारी बीबी कोणाची लेक, असे मी वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. 'औरंगजेबाची बेगम' एवढेच उत्तर आले.

त्यांचे नाव दिलरसबानू. 'राबिया-उद-दौरानी' ही निधनानंतरची पदवी. विवाह १६३७ सालचा. ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, शहजादा अकबराच्या जन्मानंतर महिन्याभरात, त्या औरंगाबादेत अल्लाला प्यारे झाल्या.

वडील शाहनवाज खान. येथेच शोधणाऱ्याची वाट चुकते. कारण हे नाव नव्हे, पदवी आहे. अब्दुल रहीम खानखानानच्या मुलालाही तीच पदवी होती आणि त्याची मुलगी शाहजहानला दिलेली होती. तिसरे शाहनवाज खान म्हणजे 'मआसिर-उल-उमरा' हा मोगल सरदारांचा चरित्रकोश लिहिणारे. ते १७५८ मध्ये मारले गेले. म्हणून पदवी बाजूस ठेवून मूळ नाव पाहावे लागते. दिलरसबानूंचे वडील मिर्झा बदी-उझ-जमान सफवी.

आता धागा सापडतो. त्यांचे वडील मिर्झा रुस्तम १५९३ मध्ये कंदाहारहून अकबराच्या चाकरीत आले. रुस्तमचे वडील कंदाहारचे सुलतान हुसेन मिर्झा, त्यांचे वडील बहराम मिर्झा, आणि बहराम हे १५०१ मध्ये इराणात सफवी राज्य स्थापणाऱ्या शाह इस्माईलचे पुत्र. म्हणजे आपली बीबी इराणच्या राजघराण्याची लेक. पुढे मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळच्या लढाईत हेच शाहनवाज खान दाराच्या बाजूने, स्वतःच्या जावयाविरुद्ध लढताना कामास आले.

मात्र ही साखळी पुन्हा वाचा. शाह इस्माईलपासून खाली एकाही आईचे नाव तीत नाही. एवढ्या मोठ्या घराण्याची ही गत, तर आपल्या घरांचे काय?

पालकांना माझी नम्र विनंती आहे. जुना निकाहनामा, जमिनीचे कागद, शाळेचा दाखला जपून ठेवा. आणि मुलांनो, सुटीत दादी-नानीजवळ बसा. त्यांच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव विचारून वहीत लिहा. 'मोठी बी' किंवा 'अमक्याची आई' एवढ्यावर थांबू नका, खरे नाव विचारा. उद्या ते सांगणारे कोणी उरणार नाही.