सर्पगंधा : गोव्यातील ग्रंथापासून परळच्या रुग्णालयापर्यंत

१५६३ साली गोव्यात एक ग्रंथ छापला गेला. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, आणि विषय हिंदुस्थानातील औषधी द्रव्ये. संवादरूपी ग्रंथातील एक प्रकरण सर्पविषावर दिल्या जाणाऱ्या मुळ्यांचे आहे. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस एक मुळी चावते, ही आपण आजीकडून ऐकलेली कथा तेथे साडेचारशे वर्षांपूर्वीच नोंदलेली आहे. त्या मुळ्यांपैकी एक सर्पगंधेची असावी, असे अभ्यासक मानतात. (सर्पविषावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. साप चावल्यास रुग्णालयच गाठावे!)

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे वाढणारे सदाहरित झुडूप. तीन-तीन, चार-चार पाने एकाच पेऱ्यावर वर्तुळाकार येतात. पांढरट फुलांचे देठ तांबूस, पिकलेली फळे काळसर जांभळी. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंतच्या दमट, पालापाचोळ्याने समृद्ध जमिनीत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत ते रमते. मुळाशी पाणी साचले तर मात्र कुजते. औषध असते ते मुळीत.

वनस्पतिशास्त्रात तिला ‘राउवोल्फिया’ म्हणतात. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य. त्याने पश्चिम आशियात भ्रमंती केली, पण हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. झुडपाला त्याचे नाव मिळाले, आणि जे लोक ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले त्यांचे नाव कोठेच नाही. बिहारमध्ये तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. झोप न येणाऱ्यास, उन्माद झालेल्यास मुळीचे चूर्ण दिले जाई.

१९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइड वेगळे काढले. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी ही मुळी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचा निबंध प्रसिद्ध केला. पुढील दोन दशकांत जग जे ‘शोधणार’ होते, त्याचे सार त्यात होते. पण तो भारतीय नियतकालिकात आला होता, आणि युरोप-अमेरिकेने त्याची फारशी दखल घेतली नाही.

दखल घेतली गेली ती १९४९ मध्ये. मुंबईच्या परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. मग चक्रे वेगाने फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने ‘रेसरपिन’ वेगळे केले. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयातील त्याचे परिणाम मांडले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन यांच्याबरोबर वकीलही होते. हा सन्मान रास्तच. पण सेन-बोस यांची नावे आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतात.

रेसरपिनची दुसरी बाजूही लवकरच दिसली. काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन यांचे साठे रिकामे करते, हे कळल्यावर नैराश्याचे कारण रसायनांत शोधण्यास जोर आला. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तेथून निघाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मागणी वाढली तशी जंगले उकरली गेली. पाने तोडली तर झुडूप पुन्हा फुटते, मुळी उपटली की ते संपते; त्यात बियांची उगवणही कमी. आज सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे, आणि सह्याद्रीत ती शोधायला आता बरेच चालावे लागते.